उताराचं पाणी

पाणी आणण्याच्या गोष्टी आमच्याकडं ढिगानं आहेत. कोणाची आजी किती लांबून घागर आणायची, कोणत्या आडाला बारा महिने पाणी असायचं, टँकरच्या नळीवरून कोणत्या दोन जावांनी अबोला धरला. पाणी जाण्याची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. न्हाणीच्या कोपऱ्यातल्या भोकातून ते भिंतीखाली जातं, भिंतीखालून नालीत जातं, आणि एकदा नालीला लागलं की ते कोणाचंच राहत नाही. ज्या पाण्यासाठी अबोला धरला तेच पाणी तासाभरात बेवारस होतं.

राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांत आहे. बाहेरची माणसं गाव ओळखतात ते रेणुकामातेमुळं. नवरात्रात इथं गर्दीला पार नसतो. मला मात्र या मुलखात आलं की आधी उतार दिसतात. बालाघाट ही पाण्याची वाटणी करणारी रांग आहे. उत्तरेच्या अंगावर पडलेला पाऊस गोदावरीच्या वाटेला लागतो, दक्षिणेच्या अंगावरचा मन्याड-मांजरेच्या. वाटणी तशी नावालाच, कारण मन्याड मांजरेला मिळते आणि मांजरा पुढं कंदकुर्तीला, तेलंगणाच्या उंबऱ्यावर, गोदावरीलाच मिळते. त्यामुळं इथं कोणत्याही उतारानं पाणी सोडा, सोयाबीनच्या रानातलं असो, देवळाच्या फरशीवरचं असो की जेवणं झाल्यावर ताटं विसळलेलं, पोचायचं ठिकाण एकच. वाटेत जमिनीत मुरलं किंवा उन्हानं उडालं तर गोष्ट वेगळी.

आणि नदीला गावं ओळीनं लागतात. गंगाखेडला लोक अस्थी घेऊन येतात, घाटावर उभं राहून त्याच पाण्यानं आचमन करतात. पुढं पूर्णा येऊन मिळते. त्याच्या खाली विष्णुपुरीला पाणी अडवलेलं आहे, आणि ते नांदेड पितं. नांदेडच्या पुढं बाभळीचा बंधारा. या बंधाऱ्यावरून दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१३ च्या निकालानं तारखा ठरल्या: १ जुलैला दरवाजे वर, २९ ऑक्टोबरला खाली. किती पाणी खाली सोडायचं याचा असा दिवसावारी हिशेब लागला. कसलं पाणी खाली सोडायचं यावरून आमच्या भागात कोणी कोर्टाची पायरी चढल्याचं मी ऐकलेलं नाही.

जुन्या घरांत या प्रश्नाला एक उत्तर होतं, पण ते कोणी उत्तर म्हणून शोधलेलं नव्हतं. न्हाणीचं पाणी परसात जायचं. तिथं केळ असायची, तिच्या बुडाशी चमकुरा, कडेनं कर्दळ. भांडी राखेनं घासायची, डोक्याला शिकेकाई. अंघोळीला एक बादली, तीही अर्धी. तेवढं पाणी केळ पिऊन टाकायची आणि नालीपर्यंत काही उरायचंच नाही. याचं कौतुक करताना मला थोडं जपून बोलावंसं वाटतं, कारण पाणी कमी लागायचं ते शहाणपणानं नव्हे. ते डोक्यावरून आणावं लागायचं म्हणून, आणि आणणाऱ्या बायका होत्या म्हणून. आता घरात नळ आला, दारात बोअर आला. जलजीवन मिशनचा हिशेब खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाण्याचा आहे. अभियंते धरून चालतात की वापरलेल्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे माणशी ४४ लिटर. पाच माणसांच्या घरातून रोज दोनशे वीस लिटर, त्यात धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण, तेलाचा तवंग. परसाच्या जागेवर मुलाची खोली उठलेली. केळ गेली. ही ५५ लिटरची योजना आखताना त्यातल्या ४४ लिटरची सोय त्याच दमात, त्याच गवंड्याकडून का करून घेतली जात नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही. पाणी आणणाऱ्याचा सत्कार होतो, नेणाऱ्याचा होत नाही, एवढंच कारण असावं.

नदी हे सगळं पोटात घेते असं आपण धरून चालतो, आणि ते अगदीच खोटं नाही. वाहत्या पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळतो. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या, पण स्वच्छ पाण्यात तो लिटरमागं सात-साडेसात मिलिग्रॅम असतो. गार पाण्यात थोडा जास्त. मासा त्याच्यावर जगतो. आणि डोळ्यांना न दिसणारे जीवाणूही त्याच्यावरच जगतात, जे पाण्यात आलेलं अन्न, साबण, मैला खाऊन संपवतात. घाण खाण्यासाठी त्यांना श्वास लागतो. घाण जितकी जास्त तितका श्वास जास्त. म्हणून जगभर पाण्याची घाण मोजतात ती त्या पाण्याला लागणाऱ्या श्वासावरून.

ही मोजणी मला फार आवडते. काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, बुडबुडाही राहू द्यायचा नाही, बूच लावून अंधारात ठेवायची. काही दिवसांनी उघडून पाहायचं की आतला प्राणवायू किती उतरला. इंग्लंडात १८९८ साली सांडपाण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला होता. तिथून चालत आलेली रीत पाच दिवसांची. आपल्याकडच्या मानकांत ही बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात, कारण आपल्या उबेत जीवाणूंना भूक लवकर लागते. गावाचं सांडपाणी या परीक्षेला बसवलं तर लिटरमागं दोनशे, अडीचशे मिलिग्रॅम प्राणवायू मागतं. नदीजवळ आहेत सात-साडेसात. म्हणजे गटाराच्या एका लिटराला निस्तरायला नदीच्या तीसेक लिटर चांगल्या पाण्याचा सगळा श्वास खर्ची पडतो. भाद्रपदातल्या गोदावरीला ते परवडतं. वैशाखात गोदावरी म्हणजे बंधाऱ्या-बंधाऱ्यामागं साचलेले डोह, आणि डोहाला वाहणं ठाऊक नसतं. श्वास संपला की दुसऱ्या जातीचे जीवाणू कारभार हातात घेतात, हवेशिवाय जगणारे. पाणी काळं होतं, तळातून बुडबुडे येतात, सडक्या अंड्याचा वास सुटतो. त्याच्या आधी एखाद्या पहाटे मासे तोंडं वर काढून हवा गिळताना दिसतात. पोरं त्याला मासेमारीची संधी समजतात.

सांडपाणी शुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प मी पाहिला तो एका शहराबाहेर. नाकाला रुमाल लावूनच आत शिरलो, पण वास फाटकाशीच काय तो होता. तिथं लोखंडी गजांच्या जाळीत शहर अडकून पडलेलं असतं: पिशव्या, चिंध्या, निर्माल्य, गुटख्याच्या पुड्या, एका पायातली चप्पल. पुढच्या टाकीत वाळू खाली बसते. त्याच्या पुढं तो मोठा हौद, ज्यात खालून हवा सोडतात आणि तपकिरी पाणी दिवसरात्र खदखदत राहतं. तिथं वास येतो तो पहिल्या पावसात भिजलेल्या रानाचा. मी दोनदा वाकून खात्री केली.

तिथला माणूस अंगानं बारीक, बोलण्यात मोकळा होता. त्यानं हौदातलं पाणी एका उंच मापाच्या नळीत घेतलं, कठड्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आता अर्धा घंटा बसा, साहेब. चहा घ्या." आम्ही चहा घेतला. नळीत तपकिरी गाळ हळूहळू खाली बसत गेला आणि वर नितळ पाणी उरलं, इतकं नितळ की पलीकडचा त्याचा अंगठा दिसत होता. तो गाळ म्हणजे घाण नव्हे, घाण खाणाऱ्यांची वस्ती. त्यातला काही भाग बाहेर काढायचा आणि बाकीचा पुन्हा हौदात सोडायचा, येणाऱ्या नव्या पाण्यावर. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावावं तसं. हा शोध १९१४ साली मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी लावला. बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात ते हवा फुंकत राहिले. पहिल्या खेपेला पाणी पुरतं निवळायला आठवडे लागले. तोपर्यंतचे लोक तळाचा गाळ फेकून देत. या दोघांनी तो ठेवला आणि त्यावरच नवं सांडपाणी ओतलं. पुढच्या खेपेला वेळ कमी लागला, त्याच्या पुढं आणखी कमी, शेवटी एका दिवसाच्या आत काम उरकू लागलं. म्हणजे नदीनं मैलोगणती वाहत जे करायचं, ते हौदात काही तासांत उरकतं, आणि नदीच्या वाट्याला येतं ते आधीच खाऊन-पिऊन शांत झालेलं पाणी.

सूक्ष्मदर्शकाखाली तो गाळ पाहिला. देठावर उमललेल्या घंटा, आखडतात, पुन्हा उमलतात. व्हॉर्टिसेला त्यांचं नाव. त्या दिसल्या की हौदाची तब्येत बरी, असं तो माणूस म्हणाला. "ह्या दिसेनाश्या झाल्या की समजायचं, कुठंतरी हवा कमी पडली नाहीतर कोणी केमिकल सोडलं." आणि वीज गेली तर? तो हसला. काही तास निभतं, म्हणाला, मग हे सगळं मरतं आणि पुन्हा वस्ती बसवायला दिवस लागतात.

विजेचं हे उत्तर ऐकलं आणि मला गाव आठवलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांप्रमाणं देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं. त्यावर उभारलेले प्रकल्प ३१,८४१ दशलक्ष लिटरांचे, आणि प्रत्यक्षात त्यांतून निघून जातं २०,२३६. उभारलेलं आणि चालवलेलं यांच्यातली दरी या दोन आकड्यांत आहे. नारळ फोडायला पैसा मिळतो, महिन्याचं वीजबिल भरायला मिळत नाही. आणि हा झाला शहरांचा हिशेब. राणीसावरगावासारखी गावं या बेरजेत येतच नाहीत. त्यांच्यासाठी खदखदता हौद बांधला तरी तो भारनियमनाच्या पहिल्या उन्हाळ्यात झोपेल, हे सांगायला अभियंता लागत नाही. लहान गावाला हवं ते उतारावर चालणारं, मातीवर चालणारं, मुळांवर चालणारं काहीतरी.

तसं आहे. नागपूरच्या 'नीरी'नं, म्हणजे १९५८ पासून सांडपाण्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं, 'फायटोरिड' नावाची पद्धत काढली आहे. खडीनं भरलेला उथळ हौद, त्यात पाणवनस्पती, खडीच्या आतून सरकत जाणारं पाणी. मुळांभोवती जीवाणूंची वस्ती. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात ती बसवलेली आहे. अशा हौदांत जी झाडं लावतात त्यांच्या यादीत पाणकणीस आहे, नळ नावाचं गवत आहे, आणि कर्दळ आहे. आमच्या परसातली, न्हाणीच्या तोंडाशी उभी असलेली, लाल-पिवळ्या फुलांची कर्दळ.

इथवरचं सगळं मोरीच्या पाण्याबद्दल. संडासाचं काय, हा प्रश्न लिहिणारेही टाळतात आणि मीही इथवर टाळलाच. लहान गावात नि निमशहरात भुयारी गटार नसतं. घरोघर सेप्टिक टँक असतो, आणि तो भरून वाहेपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही. मग एखादा टँकर बोलावला जातो आणि तो उपसलेला मैला रात्री कुठल्याशा ओढ्यात रिकामा करतो. किंवा माणसं बोलावली जातात. मे २०२३ मध्ये आमच्या शेजारच्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून गेले. बंद टाकीत मैला कुजतो तेव्हा जो वायू साचतो तो थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. माणसानं असं उतरू नये म्हणून केलेला कायदा तेव्हा दहा वर्षांचा होत आला होता. त्यांच्या घरच्या चुली त्या दिवशी विझल्या. गाव पुढं चालू लागलं, टाक्या भरतच राहिल्या.

याच कामाची दुसरी तऱ्हा सातारा जिल्ह्यात वाईला आहे. कृष्णाकाठचं, घाटांचं, ढोल्या गणपतीचं, विश्वकोशाचं गाव. तिथंही घरोघर टाक्याच. पण २०१८ पासून नगरपालिकेनं ठरवून घेतलं की टाकी भरून वाहण्याची वाट बघायची नाही. दर तीन वर्षांनी एकदा प्रत्येक घराची पाळी, यंत्राच्या गाडीनं उपसा, आणि गाडी रिकामी व्हायची ती दिवसाला ७० हजार लिटर मैलागाळ पेलणाऱ्या प्रकल्पात. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनंही त्याच सुमारास हीच वाट धरली. यात कुठं भुयारी गटारांचं जाळं नाही, कुठं नदीकाठी हजार कोटींचा आराखडा नाही. कोणाच्या घरी गाडी कधी जाणार याचा तक्ता आहे. गॅस सिलिंडरचा नंबर लागतो तसा मैल्याचा नंबर लागतो, आणि कृष्णेला त्यातलं काही कळतही नाही. एवढ्या मुकाट्यानं झालेलं काम आपल्याकडं बातमीत येत नाही.

गंगाखेड जनाबाईचं गाव. तिच्या अभंगांत देव दळायला बसतो, शेण उचलतो, केर भरतो. आपण या ओळी टाळ वाजवत म्हणतो आणि त्यातलं दळण तेवढं लक्षात ठेवतो. केराशी येऊन आपला आवाज खाली येतो. मला वाटतं, मराठीतल्या भक्तीनं घाण उचलण्याचं काम देवाच्या हातात देऊन ठेवलं होतं, ते आपण कीर्तनापुरतंच ठेवलं. गाडगेबाबांनी तसं ठेवलं नाही. दिवसा गावाची गटारं झाडायची आणि रात्री त्याच गावात कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात भंगीमुक्तीसाठी संडासाचे नमुने बांधून पाहिले. आणि देहूत, तुकारामांच्या देहूत, डॉ. सुहास मापुसकर नावाचे सरकारी डॉक्टर आले ते औषधं वाटायला, आणि जन्मभर संडास बांधत राहिले. मैल्यापासून गॅस करणारा 'मलप्रभा' नावाचा संयंत्राचा नमुना त्यांचा. पद्मश्री मिळाली २०१७ साली, ते गेल्यावर. पालखी सोहळ्याचं वर्णन करणाऱ्या लेखांत मला त्यांचं नाव आढळत नाही. इंद्रायणीच्या काठी असा माणूस राहून गेला, हे वारीइतकंच सांगण्यासारखं आहे असं मला वाटतं.

मोरीच्या पाण्यासाठी मराठवाड्यानंही आपल्या परीनं एक उत्तर काढलं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे खणले, नाल्या कोरड्या पाडल्या आणि डास हटवले. लोक त्याला 'मॅजिक पिट' म्हणतात. जादू काही नाही. चौकोनी खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्या भोवती खाली मोठे दगड, वर लहान, वर खडी. मोरीचं पाणी टाकीत येतं, तेल-खरकटं-माती तिथं थांबते, पाणी भोकांतून दगडांत, दगडांतून मातीत. दगडांवर जीवाणूंची साय धरते, आणि तो खदखदता हौद जे विजेवर करतो त्यातलं बरंचसं इथं कोणी बटण न दाबता होतं. अट एक: खाली मुरूम हवा. काळ्या रेगडीत हा खड्डा श्रावणात तुंबतो, कारण रेगड फुगते आणि एकदा पोट भरलं की थेंब घेत नाही. राणीसावरगावात माळावरच्या घरांना मुरूम आहे, खालच्या अंगाला काळी आहे. त्यामुळं एकच नकाशा सगळ्या घरांना चालणार नाही, हे खणणारा गडी पहार मारताच सांगतो. कागदावर तो नकाशा काढणाऱ्याला हे कळेलच असं नाही. शिवाय खड्डा बोअर आणि विहीर यांच्यापासून लांब हवा. आणि यात संडासाचं पाणी सोडायचं नाही, हे तर दहादा सांगावं लागतं.

माझ्या मावशीच्या अंगणात असा खड्डा आहे. माळावर घर, खाली मुरूम, तो चांगला चालतो. नाली कोरडी पडली, शेजारणीशी सांडपाण्यावरून चालणारी जुनी धुसफूस संपली, संध्याकाळी दारात बसता येतं. टाकीतला गाळ महिन्या-दोन महिन्यांनी काढावा लागतो आणि तो मावसभावानं काढायचा की सुनेनं, यावर घरात रीतसर वाद आहे. मी आपलं शास्त्र सांगायला गेलो, जीवाणू, साय, प्राणवायू. मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "खड्डा केल्यापासून माझी केळ वाळायलीय. सगळं पाणी हाच पितोय."

मग भावानं खड्ड्याच्या आधी पाइपाला एक तोटी जोडली. तोटी फिरवली की पाणी केळीकडं, सोडली की खड्ड्याकडं. पावसाळ्यात खड्डा, उन्हाळ्यात केळ, असं ठरलं होतं. पण मावशीनं तोटी केळीकडं फिरवून ठेवली आहे आणि वर दगड ठेवला आहे. "तिचं भागलं की मग त्याला," म्हणते.